दोन एमबी

ओहोटी लागली की ऑफिसखालचं पाणी निघून जातं,
लाकडी खांबांचे पाय उघडे पडतात, काळे, शिंपल्यांनी भरलेले.
अशा वेळी मी लॉग बघत बसते.
वादळात बुडालेल्या होड्यांचे अर्ज
आज मध्यरात्रीपर्यंत घ्यायचे, असं बार्रिया साहेबांचं पत्र आहे.
मध्यरात्र कुणाची, ते पत्रात नाही.
सर्व्हर सान्तियागोला, त्याचं घड्याळ ग्रीनिचचं,
ते आमच्या कास्त्रोच्या वेळेला मी मार्चमध्येच ओढून आणलं.

दार मीच बांधलंय.
फाईल अखंड येत नाही, तुकड्यांनी येते,
बेटांवरून लाँचमध्ये सरपणाच्या मोळ्या याव्यात तशी,
दोन मोळ्यांमध्ये दोरी.
मी दोऱ्या सोडते, मोजते, बाजूला रचते.
सांगितलेल्या नावावर विश्वास ठेवत नाही.
दिसतं तसं नसतं,
शेपटाला जेपीजी लावलं म्हणून कुणी फोटो होत नाही;
पहिले चार-सहा बाइट चिमटीत घेऊन बघते,
शितावरून भात.
नावात दोन टिंबं आणि तिरकी रेघ दिसली
तर कुणीतरी मागच्या जिन्यानं वर शिरू बघतंय.
त्याला तिथंच अडवते.
बाकीच्यांना नवं नाव, बत्तीस अक्षरांचं,
हाक मारता येणार नाही असं.
आणि दोन एमबीच्या वर काही नको.
हा आकडा मी एका मंगळवारी टाकला,
डिस्क लहान होती, जेवायची वेळ झाली होती.

अकरा एकतीस. एदुविना मियालोंको, बेट केउई.
दोन पूर्णांक तीन. परत.
अकरा चौतीस. तीच फाईल. परत.
अकरा छत्तीस. परत.
तिला पडद्यावर काय दिसलं ते मला ठाऊक आहे:
पांढरं पान, त्यावर चारशे तेरा.
चारशे तेरा काय? पेसो? घराचा नंबर?
अकरा पंचेचाळीस. आता एक पूर्णांक नऊ.
कुणी भाचा-पुतण्या उठवला असणार.
आत येतेय, येतेय,
एकसष्ट टक्क्यांवर केउईचा टॉवर गेला.

तात्पुरत्या फोल्डरमध्ये ते अर्धवट पडलं होतं.
उघडू नये, असा नियम आहे. नियम माझाच.
उघडलं.
वर आभाळ, मग डोलकाठीचं टोक,
लोकरीची टोपी, एक कपाळ,
आणि कपाळाखाली सगळं राखाडी.
डोळे अजून पाण्यावरच कुठेतरी होते.

अकरा सत्तावन्न. एक पूर्णांक एक. पोचली.
होडीची फक्त कड, नोंदणीचा नंबर ठळक, स्वच्छ.
अर्जाला तेवढंच लागतं.
माणूस कापून टाकला होता.
मला वाटतं मोठा तो होता,
त्याच्याशिवाय होडी दोन एमबीत बसली.

मी आकडा दहा केला.
चारशे तेराच्या जागी लिहिलं:
फोटो मोठा आहे, चूक तुमची नाही, या नंबरवर फोन करा.
नंबर माझा दिला. बार्रिया साहेब ओरडतील.
केउईवरून आता कुणी काही पाठवणार नव्हतं.

पहाटे तीनला फोल्डर झाडलं जातं.
ती झाडूही मीच लिहिलेली, मी ती थांबवली नाही.
ते कपाळ ठेवून घ्यायला मी त्याची कोण?
तीन वाजून एका मिनिटानं पाहिलं: शून्य फायली.
भरती येत होती, खांबांचे पाय झाकत.

एक मात्र केलं.
बत्तीस अक्षरांच्या शेजारी एक रकाना असतो, मूळ नावाचा,
तो कुणी वाचत नाही म्हणून काढून टाकायचं ठरलं होतं.
ठेवला.
त्यात तिनं दिलेलं नाव आहे, चुकीसकट:
"कार्मेलीना लाँच आणि तो शेवटची आता खरंच शेवठची".