चौकशी रजिस्टर

सेमिनरी हिल्सच्या उतारावर आमचं उपचार केंद्र,
माझ्या टेबलावर एक रजिस्टर:
तारीख, प्राणी, फोन करणाऱ्याचं नाव, शेरा.

मंगळवारी उमरेडकडची वाघीण आली,
पायात तारेचा फास.
दिवे लागेपर्यंत तीन पानं भरली.
धरमपेठ, दिल्ली, एक बाई तर टोरांटोहून,
रडत विचारत होत्या, "जेवली का ती?"
नाव तिला गाडीतून उतरायच्या आधीच मिळालं होतं.

त्याच रात्री अमरावती रोडवरून
पोत्यात गुंडाळलेलं तरस.
ट्रकचा मार, मागचा पाय लोंबता.
आणणारा ढाबेवाला म्हणाला,
"मढी उकरते हे, साहेब. पण तडफडत होतं,
अन् मले झोप नसती आली."
नाव न सांगताच गेला.

अकरा दिवस रकाना कोरा.
कोंबडी दोघांना एकाच दुकानातली,
भूल त्याच बाटलीतली,
फक्त कूलरचं तोंड वाघिणीकडे.
मे महिना, सेहेचाळीसचा पारा,
आणि कोणी सांगितलं नव्हतं मला.
मीच वळवला होता.

पिंजरे धुता धुता इस्तारी मडावी बोलला,
"आमच्या शिवेवर वाघोबाचा दगड हाय, बाबू.
शेंदूर लावतो, कोंबडं देतो.
तडसाचा दगड कोठीच नाही.
वाघानं टाकलेलं ढोर साफ कोण करते,
हे काय गावाले ठाव नाही?
पण जगाले भेव लागते नाहीतर भक्ती.
याच्या वाट्याले नुसती किळस आली."

मी घरी जाताना मोजत गेलो:
उड्डाणपुलाच्या खांबांवर वाघ,
ऑटोच्या पाठीवर वाघ, मिठाईच्या डब्यावर वाघ.
गावाचं नाव मात्र नागाचं,
आणि नाग नदीतून काय वाहतं
ते नाकाला रुमाल लावणाऱ्या सगळ्यांना माहीत.

बाराव्या दिवशी कूलर मधोमध ठेवला.
वारा दोघांनाही पुरेना.
वाघीण गुरगुरली.
तरसानं नुसतं नाक वर केलं, वाळ्याचा वास घेतला,
जणू अशी गोष्ट चुकून आपल्याकडे आली असावी.

दुपारी फोन वाजला.
"त्या पोत्यातल्याचं काय झालं?"
नाव विचारलं.
"तडस," तो म्हणाला.
"तुमचं विचारतोय."
फोन ठेवला त्यानं.

रकान्यात लिहिलं: ढाबा, अमरावती रोड.
शेऱ्यात: आज उभं राहिलं. तीन पायांवर.
मग पेन तसंच धरून बसलो थोडा वेळ,
खाली आणखी एक ओळ रिकामी होती.