पारंपरिक

टापकीर गल्लीत टेपच्या हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवत
मी सतरा वर्षं काढली.
त्यातली अकरा चांगदेव अवघड्यांकडे.

पहिल्याच दिवशी विचारलं, "ढोलकीला आवाज किती ठेवशील?"
म्हटलं, "गाणारीपेक्षा कमी."
"आणि गाणारीला?"
मला येईना.
"शब्दापेक्षा कमी," म्हणाले, आणि चहा सांगितला.

स्टुडिओ म्हणजे माळा, गंज पेठेत, पिठाच्या गिरणीवर.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, अंडी कुणी खाल्ली देव जाणे.
दिवसा गिरणी, संध्याकाळी गल्लीतली भांडणं,
म्हणून रेकॉर्डिंग मध्यरात्रीनंतर.
तरी बंब निघाला की सगळे थांबायचे.
घंटा विरेपर्यंत हौसा सोनटक्के
दाढेखाली लवंग धरून गप्प.
एकदा घंटा टेकमध्ये शिरली.
मी टेप मागे घ्यायला हात घातला, त्यांनी धरला.
"कुणाचं तरी घर जळतंय. असू दे."

लिहायचे एस.टी.च्या तिकिटांमागे, मुंगीएवढं अक्षर,
स्वारगेट ते जेजुरी एक कडवं,
येताना दुसरं, झोप नाही लागली तर.
मात्रा बोटांच्या पेरांवर मोजायचे.
पैसेही तिथंच.
मात्रा कधी चुकली नाही.

आधी हलगीवाल्याला, मग कोरसच्या पोरींना,
मग कोऱ्या कॅसेटी, मग छपाई,
उरलं तर स्वतःला.
घर चाललं ते सरूवहिनींच्या तेंदूपत्त्यावर,
दिवसाला हजार विड्या.

एक गाणं चाललं.
बांगडी फुटली कासारणी, हात तेवढा राहिला.
थोरला भाऊ गेला त्या आठवड्यात लिहिलेलं,
भावजयीवर.
लोक त्यावर नाचले.
ट्रकवाल्यांनी उचललं, जत्रांनी उचललं,
आठ मशिनींवर रात्रभर प्रती काढून
माझ्या बोटांना पेन्सिलीचे घट्टे.
चाळीस हजार, मी मोजल्या तेवढ्या.

मग मोठ्या कंपनीनं तेच दुसरीकडून गाऊन घेतलं.
कव्हरवर बारीक अक्षरात
गीत: पारंपरिक.

मी म्हटलं, वकील बघू.
ते कव्हर उन्हाला धरून बघत राहिले.
"छपाई चांगलीय," म्हणाले.
नंतर तीन दिवस बोलले नाहीत, माझ्याशीही.

मशिनी जुन्या बाजारात किलोवर गेल्या.
त्यांनी प्रचाराच्या रिक्षांना चाली लावून दिल्या,
तिन्ही पक्षांना, वेगवेगळ्या तालात.
मी मोबाइलचे स्क्रीन बदलायला लागलो.

परवा हडपसरला, त्यांच्या नातीच्या हळदीत,
डीजेनं ते लावलं.
भिंतीएवढे स्पीकर, छातीत धडधड,
पिवळ्या झालेल्या पोरांच्या उड्या.
चांगदेवराव खुर्ची ओढत स्पीकरपाशी गेले, कानामागे हात.
"आजोबा, लांब बसा की," डीजेचं पोरगं ओरडलं,
"जुनं लोकगीत आहे. ठाऊकय का?"
"ढोलकी खाली घे जरा. शब्द बुडतोय."
पोरानं काय मनात आलं कोण जाणे, नॉब फिरवला.

आणि दुसऱ्या कडव्याच्या मागून, लांबून,
बंबाची घंटा आली.

आमचीच टेप. चाळीस हजारांतली कुठली तरी एक.

मी त्यांच्याकडे पाहिलं.
त्यांचा अंगठा पेरांवरून चालला होता,
आणि पहिल्यांदाच मला कळेना
ते काय मोजतायत.