चाळीस तास

फॉर्मवर एकच रकाना: समाजसेवा, तास चाळीस.
खाली सहीला जागा, शिक्क्याला जागा,
आणि "कोणासाठी?" याला अर्धी ओळ.

आम्ही पाच जण बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरलो,
उलानबातरच्या उत्तरेला, जिथे डांबर दम सोडतं
आणि टेकडीवर नमद्याचे गोल तंबू चढत जातात,
फळकुटांच्या कुंपणात एकेक,
धुराची शेपटी सरळ वर.
उणे सत्तावीस.
पेनातली शाई थिजली, तेव्हा कळलं
शिसपेन्सिल अजून बाजारात का आहे.

तेमूलेनच्या बॅगेत आमचं समाजमंदिर होतं,
पुठ्ठ्याचं, एकास पन्नास.
छतातून तिरपा उजेड,
पायऱ्यांवर निवांत बसलेली कागदी माणसं.
एकाच्याही डोक्यावर टोपी नव्हती.

पाणीघराच्या खिडकीतून खांडमाने ते पाहिलं,
नळ बंद केला, हात पुसले, पुन्हा पाहिलं.
"हे ऊबदार ठेवायला कोळसा किती लागेल?"
तेमूलेनने फोनवर हिशोब केला
आणि फोन खिशात ठेवला.

मग तिने बोट दाखवलं, बाहेर, उताराकडे.
"परवा तिथे गंबात पडला. नऊ वर्षांचा.
कॅन सुटला, चाळीस लिटर सांडले,
आणि तेवढ्यानेच उतार अजून गुळगुळीत झाला.
तुम्हाला काहीतरी बांधायचंच आहे ना?"

समाजमंदिर बॅगेत परत गेलं. कागदी माणसं आत चुरगळली.

जमीन पहारीला दाद देईना.
इथे खड्डा खणायचा तर आधी जमीन शेकावी लागते,
रात्रभर, कोळसा घालून, राखण करत.
हे कुठल्याच पेपरात विचारलेलं नव्हतं.
सोलोंगो गाणी म्हणत जागली, मी शिव्या देत.
पहाटे वीतभर माती मऊ झाली
आणि आम्ही तिच्यावर असे तुटून पडलो
जसे कोणी जेवणावर पडतं.

ट्रकच्या जुन्या टायरांत खडी भरून सतरा पायऱ्या.
भंगारातला वाफेचा पाइप कठड्याला.
वेल्डिंग वाकडं, पण ओळंबा बरोबर.
आम्ही फोटो काढले.

त्याच संध्याकाळी गंबातने हातमोजा काढून पाइप धरला
आणि तळवा चिकटला.
खांडमा धावली, खारट दुधाळ चहा कोमट करून
थेंब थेंब ओतत राहिली, हात सुटेपर्यंत.
आम्हाला एक शब्द बोलली नाही.
घरात गेली, आपल्या तंबूच्या खालच्या झालरीतून
नमद्याचा लांब पट्टा कापला,
उंटाच्या केसांचा दोरा सुईत ओवला,
आणि पाइपाला बाही शिवत बसली, कठड्याच्या टोकापर्यंत.

आम्ही रेघ काढली होती, नव्वद सेंटिमीटर उंचीवर.
त्या रेघेला हात लागणार आहे
हे पाच जणांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

सहीसाठी फॉर्म पुढे केला.
खरे तास त्रेसष्ट झाले होते, रकान्यात चाळीसच मावत होते.
तिने सावकाश वाचलं, सही केली,
पाणीघराचा शिक्का मारला, आणि विचारलं,
"आणि माझे तास कोण लिहिणार?"
आम्ही हसलो.
ती हसत नव्हती.

मे महिन्यात मी एकटाच गेलो.
पायऱ्या जागेवर. एक टायर सरकलेला.
कठड्याच्या खालच्या टोकाला नमदा नाही, नुसता पाइप,
उन्हात तापलेला.
कुंपणामागे पिवळी कुत्री, त्या पट्ट्यावर
चार पिल्लांना पाजत पडलेली.
माझा चेहरा पाहून खांडमा म्हणाली,
"तिला जास्त गरज होती. ऑक्टोबरला या, तेव्हा लागेल."

घरी आल्यावर मूळ नकाशा काढला,
कठड्याच्या रेघेशेजारी पेन्सिलीने लिहिलं:
नमदा, तीन मीटर, दरवर्षी.
आणि खाली, जिथे आमची पाच नावं होती,
सहावं लिहायला घेतलं,
तर तिचं आडनाव आम्ही कधी विचारलंच नव्हतं.