सदर दोघी

जेल रोडला पाणी नव्हतं त्या उन्हाळ्यात
आमदार सुकदेवराव थेटे स्वतः आले होते,
मागे टँकर.
शालनने पोहे केले. लिंबू आहे का ताई, म्हणाले.
मग भिंतीवरच्या फोटोकडे बघत:
बहिणी का दोघी?
मी लिंबू चिरत होते. शालन बोलली नाही,
मीही नाही.
पोह्यांत पडलेली बी त्यांनी बोटानं उचलून
बशीच्या कडेला ठेवली.

गॅसच्या कनेक्शनला पत्र लागणार होतं.
दुसऱ्याच दिवशी मिळालं,
लेटरहेड, गोल शिक्का, निळी सही:
'सदर दोघी व्यक्तिशः माझ्या परिचयाच्या असून
एकाच पत्त्यावर राहतात. वर्तणूक चांगली.'
आमच्याबद्दल इतकं सरळ वाक्य
आजवर कुणी कागदावर लिहिलेलं नाही.

कागदाचं मला कळतं.
प्रेसमध्ये एकवीस वर्षं स्टँपपेपर मोजतेय.
त्यावर लोक घरं विकतात, भांडणं मिटवतात,
नावं बदलतात, दत्तक घेतात.
सुटताना गेटवर झडती होते,
एक कोरा तुकडाही घरी जाऊ नये म्हणून.
गेला नाही.

परवा निकाल लागला. कोर्ट म्हणालं, करू द्या लग्न.
शालन बिटकोत, नाइटला. फोनवर म्हणाली, ऐकलंस?
आणि लगेच, थांब,
सात नंबरचं सलाइन संपलंय.

काल विधानसभेत ठराव आला, निकालाच्या विरोधात.
थेटे उभे राहिले. टीव्हीवर जाड दिसतात.
अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघातलं
घर न् घर मला ठाऊक आहे.
असलं एकही जोडपं मी पाहिलेलं नाही.
बाकं वाजली.
अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं.
होय.
प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं.
मी ओट्यापाशी उभी होते, म्हटलं, नाही.
नेमकी कुकरची शिट्टी झाली.
होयचं बहुमत.

शालन केस पुसत बाहेर आली. तिला सांगितलं.
थोडा वेळ टॉवेल तसाच डोक्यावर.
मग म्हणाली, दोनदा घेतले होते पोहे त्यांनी.

गॅसच्या पुस्तकातून पत्र काढलं.
घडीवर फाटलंय, सही फिकट झालीय.
तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ,
तेव्हा वाचलीच नव्हती:
'हे पत्र सहा महिन्यांकरिता वैध.'

नऊ वर्षं झाली.
सिलिंडर येतोच आहे.