पाटा

गाडी घेतली ती एका दातांच्या डॉक्टरकडून.
शिरोळकर म्हणाले, फिरता दवाखाना होता, गावोगाव नेला,
पण दात कोरून पोट भरत नाही हो,
आणि स्वतःच हसले, मग किंमत सांगितली.
आम्ही ती खुर्ची उपटली, पलंग बसवला.
चुळा भरायचं बेसिन होतं तिथे कुंदाचा ओटा.

कर्वेनगरच्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर
मागची चाकं उडाली आणि सगळी भांडी
एकदम बोलली, लग्नघरातल्या आत्यांसारखी.
बायपासला शेजारून कंटेनर गेला
की आधी ढकलायचा, मग ओढायचा,
मी स्टीअरिंग धरलेलं म्हशीची शिंगं धरावीत तसं.
कुंदा मानेला पट्टा लावून गप्प.
तिचं गप्प बसणं मला मीटरसारखं वाचता येतं.

मंतरवाडीला बशीर शिकलगार. पत्र्याची शेड,
भिंतीला टेकलेले ट्रकचे पाटे, गंजके, वाकडे.
म्हटलं, गाडी डावीकडे झुकते, मागे बसते,
एक पाटा वाढवून द्या.
तो खाली वाकलासुद्धा नाही.
"काट्यावर जाऊन या. आधी पुढची चाकं, मग मागची,
मग नुसती डावी.
टाकी भरून. ताईंना आत बसवून."

वजनकाट्यावरच्या मुलाने विचारलं, माल काय?
म्हटलं, संसार.
त्याने पावतीवर लिहिलं: इतर.

डावीकडे एकोणीसशे वीस किलो.
उजवीकडे पंधराशे ऐंशी.
तेहतीस वर्षं भोसरीला क्वालिटीत काढली,
शाफ्ट केसभर बाहेर गेला तरी परत पाठवायचो,
आणि हे तीनशे चाळीस किलो
टाकी, बॅटऱ्या, काळ्या ग्रॅनाइटचा ओटा
मीच मांडले होते, एकेक करून, हौसेनं.

बशीरने डावीकडचं खालचं कपाट उघडलं.
आत जुन्या लुगड्यात गुंडाळलेला पाटा,
वर आडवा वरवंटा.
"पाटा वाढवायला आलात," तो म्हणाला,
"तो तर तुम्ही आधीच वाढवलाय."

कुंदा म्हणाली, मिक्सरमधली चटणी ही चटणी नव्हे.
यावर शेडमध्ये कुणी काही बोललं नाही.
पोराने हातातला पाना खाली ठेवला.

शेवटी ग्रॅनाइट गेला, पाटा राहिला.
उजवीकडे, तळाला, मागच्या चाकांच्या जरा पुढे,
बॅटऱ्या त्याच्या शेजारी.
मग बशीर गाडीखाली आडवा झाला.
शॉकअप चारही मेलेले, दाबले तर दाबलेलेच.
बुश हातात आले ते चुरमुरे होऊन.
नाना पेठेतून मी दोनदा जाऊन सामान आणलं,
पहिल्यांदा चुकीचं.
मागच्या एक्सलला त्याने आडवा दांडा दिला,
वळणावर अंग टाकू नये म्हणून.
हवा पावती बघून भरली;
पंपावरचा मुलगा सगळ्यांना साठच भरतो.
आणि तो एक जादा पाटा?
"कडक होईल. ताईंच्या मानेला विचारा."

बोपदेव घाट. प्लायवूडच्या नव्या ओट्यावर
पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवला.
वळण आलं. गाडी कलली, कलायची थांबली
आणि सरळ झाली,
एकदाच.
आधी ती तीनतीनदा सरळ होत असे.
पेल्यातलं थोडं सांडलं. थोडं सांडणारच.

वर पोचलो तेव्हा पट्टा कुंदाच्या मांडीवर होता.
"अजून काहीतरी वाजतंय," ती म्हणाली.

सासवडच्या अलीकडे, एका उसाच्या गुऱ्हाळापाशी,
आतला पत्रा खोलला.
कुणाच्या तरी खालच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा,
एक दाढ नसलेला.
एवढे दिवस, एवढ्या खड्ड्यांतून
तो तिथे एकटाच दात वाजवत होता.
शिरोळकरांना फोन लावला. म्हणाले, मागे नाव असेल बघा.
नाव पुसलेलं. नुसतं गाव वाचता येत होतं.

"रस्ता कसा आहे तिकडचा?" कुंदाने विचारलं.
म्हटलं, वाईट.
तिने साचा फडक्यात गुंडाळला
आणि पाट्याशेजारी ठेवला, उजवीकडे.