एकच टिंब

देवगिरीतून मानवत रोडला उतरले तेव्हा
घड्याळ अडीच तास मागं होतं.
ते तसंच ठेवलं.
रस्त्याच्या दोन्ही अंगांना बाभळींवर
जिनिंगला जाणाऱ्या गाड्यांतला कापूस अडकलेला,
आणि स्टँडसमोर मीच, सहा बाय चार,
पांढऱ्या कोटात, हात जोडून:
'कु. उज्ज्वला मुंजाजी होगे
तंजानिया येथे आरोग्यसेवा करून
परतल्याबद्दल अभिनंदन.'
परतणंच अवघड असतं,
हे फ्लेक्सवाल्याला कसं कळलं?

शाल मिळाली, नारळ मिळाला.
सरांनी विचारलं, त्यांची बोली कळली का तुला?
म्हटलं, कळली की. चहाला ते चाय म्हणतात,
औषधाला दवा, दुकानाला दुका,
सरकारला सेरिकाली. किलोला किलोच.
लोक हसले. टाळ्या पडल्या.

एक शब्द सांगितला नाही.
पोले.
ठेच लागली, पोले. लेकरू रडलं, पोले.
नुसतं उन्हातून चालत आलात, तरी पोले.
तुझं दुखणं मला दिसलं, एवढंच त्यात असतं.
बरं करते, असं कुठंच नसतं.

सव्वीस दिवस.
सातशे तीन बाळं तोलली, हे प्रमाणपत्रावर आहे.
सात महिन्यांचा बराका चार किलो शंभर भरला,
हे नाही.
त्याच्या कार्डावर लाल पट्ट्याच्या खाली
निळ्या पेनानं एक टिंब दिलं
आणि त्याच्या आईला म्हटलं, पुढच्या महिन्यात आणा.
पुढच्या महिन्यात मी इथं, शाल पांघरून.
एका टिंबाची रेघ होत नाही.

तिथल्या नीमानं एकदा विचारलं होतं,
तुझ्या गावात हे काम कोण करतं?
मी पटकन म्हणाले, सेरिकाली.

सेरिकाली सत्काराला मागच्या खुर्चीवर बसली होती,
युनिफॉर्मच्या साडीत, सर्व्हे उरकून थेट आलेली,
चौदा वर्षांची रजिस्टरं घरी फळीवर.
रात्री तिनं शालीची घडी घातली.
हत्ती नाही, जिराफ नाही, समुद्र नाही;
तिनं विचारलं,
"काटा कोणता असतो गं तिकडं? लटकता का?"
"लटकता. आपल्यासारखाच, चड्डीचा."
"चड्डी ओली झाली की शंभर ग्रॅम जास्ती दावतो बघ."
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
दिवा मालवल्यावर
सातशे तीन चड्ड्या आठवत पडले.
बराकाची ओली होती का?

सकाळी म्हणाली, नुसती काय बसलीस,
चल, सातव्या दिवसाची भेट हाय.
जिनिंगच्या मागं पालं, खंडव्याकडची माणसं.
सुकली एकोणीसची म्हणते. दिसत नाही.
बाळाच्या पापणीवरसुद्धा कापसाचा तंतू.
मी सवयीनं पुढं झाले, स्टेथोस्कोप काढला.
"आधी हात ऊन कर," आई म्हणाली.
मी तळवे चोळत राहिले
आणि सुकली माझ्याकडं बघत राहिली,
बघतच राहिली, तेव्हा तोंडून निघालं:
पोले.

तिला वाटलं, काही खाल्लंस का, विचारतेय.
"कल से नहीं," ती म्हणाली.

पिशवीत रजिस्टराखाली आईचा डबा होता.
तो कधीपासून तिथं असतो, कोण जाणे.
सुकली भाकरी मोडत होती, तिच्याकडं पाठ करून.
मी झोळी आकड्याला लावली,
कोरडी आहे ना, दोनदा चाचपली.
बाळ हवेत. पाय झाडतंय.
दोनच्या अलीकडं काटा थरथरत होता.
मी पेन उघडलं.

"घाई नको करू," आई म्हणाली,
"काटा थांबू दे."