मागची बाजू

फेब्रुवारीत डुलूथला सरोवर गोठतं, माणसंही गोठतात,
म्हणून ती लुथरन चर्चच्या तळघरात उतरतात,
कागदी कपातली पातळ कॉफी पितात
आणि माझ्या टेबलाशी थबकतात.
चाळीस वर्षं मी हेच करतोय,
पुठ्ठ्याच्या तुकड्यांचे भाव सांगतोय.

भाव कसा ठरतो?
आधी कोपरे. चारही सुईसारखे हवेत.
मग चौकट. डावीकडे जेवढी पांढरी पट्टी
तेवढीच उजवीकडे.
मग भिंग लावायचं आणि घडी शोधायची,
सायकलच्या चाकात खोवल्याचा वळ,
च्युइंगगमचा गुलाबी डाग.
थोडक्यात, ज्या पोरानं कार्डाला हात लावला नाही
त्याचं सोनं झालं.
न फोडलेल्या पाकिटाचं तर विचारूच नका.
झाकली मूठ.
आत कोण आहे ते बघायचंच नसतं कुणाला.

इर्मा हापालानं चष्म्याच्या डबीतून कार्ड काढलं.
रस्टी डेलाहंट, पिचर, त्रेपन्न सालचा.
मोठ्या संघात अकरा सामने खेळला,
नंतर खांदा गेला, आणि तोही कुठेतरी गेला.
पण कार्ड कमीच छापलेलं,
आणि पुढून, देवाशप्पथ, रंग कालचे वाटावेत असे.
मी मनातल्या मनात सातशेवर पोचलो.
मग उलटवलं.

मागे पेन्सिलीनं, जीभ बाहेर काढून लिहिल्यासारखं:
टोइवो हापालाचं आहे.
अदलाबदल होणार नाही.

'खोडलं तर?' इर्मानं हळूच विचारलं.
मी म्हणालो, बाई, खोडलेलं दिसतं.
लिहिल्यानं भाव पडतो,
खोडल्यानं आणखी पडतो.
चाळीस देईन.

'थांबा, त्याला विचारते,' म्हणाली.
मला वाटलं होतं, टोइवो कधीच वारला असेल.
अशा कार्डांमागची पोरं बहुधा वारलेली असतात.
हा बाहेर गाडीत हीटर लावून बसला होता,
लाजून.

आला. लोखंडाच्या खनिजाच्या बोटीवर जन्म काढलेला माणूस,
एका कानाला यंत्र, दुसऱ्याला हवं असलेलं.
कार्ड हातभर लांब धरून त्यानं स्वतःचं अक्षर वाचलं
आणि खो खो हसला.
'अदलाबदल होणार नाही म्हटलंय.
विकणार नाही असं कुठे लिहिलंय?'
मग घासाघीस. पंचेचाळीस.
नोटा त्यानं दोनदा मोजल्या, इर्मानं एकदा.
जिना चढताना ती त्याच्या मागे होती,
पडलाच तर सावरायला, असे हात धरून.

मार्चमध्ये फार्गोहून एक जण आला.
उंची कोट, हातमोजे, बोलणं मोजकं.
माझ्या नीटनेटक्या कार्डांकडे त्यानं पाहिलंही नाही.
तो म्हणे पोरांनी लिहिलेलीच कार्डं जमवतो.
नावं, मिशा काढलेली, 'हा हरामखोर' असं लिहिलेली.
कोपऱ्यातल्या एक डॉलरच्या खोक्यात चाळत होता.
मी टोइवोचं कार्ड उलटं करून समोर ठेवलं.
त्यानं ते वाचलं. भिंग मागितलं नाही.
नऊशे म्हणाला, मी म्हणायच्या आत.

हापालांचा नंबर माझ्याकडे आहे.
टेलिफोन आहे, तोंड आहे,
धंदा धंद्याच्या जागी, हेही आहे.
वहीत पंचेचाळीसची ओळ आहे,
खाली नऊशेची.
मधे मी थोडी जागा सोडलीय,
पेन्सिलीनं काही लिहायचं झालं तर.